दूरच्या भविष्याला जागा द्या : दिवाळी अंकांचे संपादक आणि प्रकाशक यांना खुले पत्र

प्रति,
मराठी दिवाळी अंकांचे संपादक आणि ललित साहित्याचे प्रकाशक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली एकतीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते. लालबागच्या ज्या खोलीत बसून हे पत्र लिहीत आहे, तिथल्याच टेबलावर तुमच्यापैकी अनेकांचे अंक आणि पुस्तके छपाईला जाण्यापूर्वी येऊन गेली आहेत. पत्राखाली नाव घातलेले नाही, याचे कारण इतकेच की येत्या हंगामातही मला तुमच्याकडून काम हवे आहे. माझ्या खोडींवरून ज्यांना नाव ओळखता येईल त्यांनी ते स्वतःजवळ ठेवावे. मुद्रितशोधकाने मजकुरातील चुका दाखवाव्यात, मजकूर कोणता असावा हे सांगू नये, असा आमच्या धंद्यातला संकेत आहे. तो मी आज मोडते आहे, कारण ज्या प्रकारच्या कादंबरीवर माझा आयुष्यभर जीव जडला तो प्रकार माझ्या भाषेत माझ्या टेबलावर जवळजवळ कधीच आला नाही, आणि अलीकडे एकदा आला तेव्हा तो दारातूनच परत गेला.

दूरच्या भविष्यातील विज्ञान कादंबरी असे मी म्हणते तेव्हा पन्नास-शंभर वर्षांनंतरची मुंबई माझ्या मनात नसते. आज ज्याला आपण शहर, देश, जात, भाषा म्हणतो त्यातले काही शिल्लक राहिलेले नाही, किंवा राहिले असले तरी आपल्याला ओळखता येणार नाही, इतक्या पुढच्या काळात जी कादंबरी सुरू होते ती माझ्या मनात आहे. एच. जी. वेल्स यांचा कालप्रवासी १८९५ साली छापून आला आणि थेट इसवी सन ८,०२,७०१ मध्ये जाऊन उतरला. ओलाफ स्टेपलडन यांनी १९३० साली २०० कोटी वर्षांचा मानवाचा इतिहास लिहिला. त्यात एकामागून एक अठरा मानवजाती येतात आणि शेवटची नेपच्यूनवर राहते. आर्थर क्लार्क यांच्या १९५६ च्या कादंबरीतले डायस्पार हे शहर १०० कोटी वर्षांहूनही पुढचे आहे आणि तिथल्या लोकांना शहराबाहेर पाहण्याचीसुद्धा भीती वाटते. या पुस्तकांच्या जीर्ण प्रती मी मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून, जेवणाच्या सुट्टीत, घासाघीस करून घेतलेल्या आहेत. इंग्रजी बेताचे असल्यामुळे मी शब्दकोश मांडीवर घेऊनच त्या वाचत असे, आणि दर दहा पानांनी मनात हेच येई की हे मराठीत कसे वाचले जाईल.

आता तो परत गेलेला मजकूर. दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीचा एक तरुण, दिवसा एका कचेरीत नोकरी आणि येता-जाता लोकलमध्ये मोबाइलवर लेखन, अशा पद्धतीने चार वर्षांत पुरी केलेली कादंबरी घेऊन माझ्याकडे आला. प्रकाशकाकडे पाठवण्यापूर्वी शुद्धलेखन तपासून हवे होते. कादंबरीचा काळ आजपासून ४०,००० वर्षांनंतरचा आहे, आणि हा आकडा त्याने सहज घेतलेला नाही. ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वीवरून निघालेले व्हॉयेजर १ हे यान आज २,४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर गेले आहे आणि सुमारे ४०,००० वर्षांनी ते ग्लीझ ४४५ या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल. त्या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतले अभिवादन आहे आणि त्यांत नमस्कार करून पृथ्वीवरच्या लोकांचे शुभविचार कळवणारे एक मराठी वाक्य आहे. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवीतली ‘जात कहां हो’ ही चीज आहे. यान निघाल्यानंतर ११ दिवसांनी केसरबाई गेल्या. ज्या रागाने मैफल संपवायची तोच त्यांच्या आवाजात सर्वांत लांबच्या प्रवासाला निघाला, या योगायोगावर माझ्यासारखी बाई तासभर बोलू शकेल. पण मुद्दा तो नाही. मराठी भाषा ४०,००० वर्षांपुढच्या काळाकडे निघून पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. मराठी कादंबरीने मात्र अजून घर सोडलेले नाही.

या तरुणाच्या कादंबरीत ती तबकडी ज्यांच्या हाती लागते ते मानवाचेच वंशज आहेत, पण त्यांना ते माहीत नाही. त्यांच्यात स्त्री-पुरुष हा भेद उरलेला नाही. त्या एका मराठी वाक्यावरून आणि बाईंच्या आवाजावरून ते आपल्या पूर्वजांचा अंदाज बांधतात आणि जवळजवळ प्रत्येक अंदाज चुकतो. पहिली अठ्ठावीस पाने मी लाल शाईने भरून टाकली. जिथे भूतकाळ हवा तिथे सर्वत्र भविष्यकाळ होता. ‘मी दाराशी येईन. दार उघडेल. आत कोणी नसेल.’ मी समासात ‘काळ चुकला’ असे लिहीत गेले. एकोणतिसाव्या पानावर हात थांबला, कारण एवढी शिस्तशीर चूक कोणी करत नाही हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

आपल्या भाषेत बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदाला चिकटलेले असते. मी जातो, मी जाते. मी आलो, मी आले. ज्याला लिंगच नाही अशा निवेदकाने मराठीत पहिले वाक्य उच्चारायचे तरी कसे? भविष्यकाळाला मात्र या कटकटीचा स्पर्श नाही. मी जाईन, तू जाशील, तो जाईल, ती जाईल, ते जाईल. बोलणारा बाप्या की बाई, हे मराठीचा भविष्यकाळ विचारतच नाही. शाळेपासून आपण ही रूपे घोकली, मी तर त्यांवर पोट भरले, आणि हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. त्या पोराने पुढच्या माणसांची गोष्ट पुढच्या काळातच सांगितली. भूतकाळ अटळ झाला तिथे त्याने कर्मणी प्रयोग वापरला, कारण ‘मी दार उघडले’ या वाक्यात क्रियापद दाराचे ऐकते, माझे नाही. जिथे तोही मार्ग बंद झाला, तिथे त्याने नपुंसकलिंग घेतले. पण ‘ते आले’ असे छापले तर ती एक व्यक्ती आली की आदरणीय गृहस्थ आले, हे वाचकाला कळणार नाही, म्हणून त्याने ‘आलें’ असे जुने अनुस्वारयुक्त रूप परत आणले. १९६२ च्या लेखननियमांनी हा न उच्चारला जाणारा अनुस्वार आपण काढून टाकला. माझ्या हातांनी असे हजारो अनुस्वार खोडले असतील. त्यातला एक असा कामाला येईल, असे वाटले नव्हते.

अर्सुला ले ग्विन यांनी १९६९ साली अशाच लिंगभेदरहित मानवांची कादंबरी लिहिली, तेव्हा इंग्रजीतले पुल्लिंगी सर्वनाम सरसकट वापरले आणि पुढे अनेक वर्षे त्या निवडीचा स्वतःच फेरविचार करत राहिल्या. त्यांच्या भाषेत क्रियापद मोकळे होते, सर्वनाम अडत होते. आपल्याकडे ‘मी’ मोकळे आहे आणि क्रियापद अडते. याचा अर्थ असा की दूरच्या भविष्याची कादंबरी मराठीत लिहिताना जे प्रश्न पडतील ते इंग्रजीतल्या लेखकांनी सोडवून ठेवलेले नाहीत. ते आपल्यालाच सोडवावे लागतील. आणि असे प्रश्न सोडवताना भाषा वाढते, हे सांगायला मी भाषातज्ज्ञ असण्याची गरज नाही.

एका मान्यवर प्रकाशनसंस्थेने ती कादंबरी तीन महिन्यांनी परत केली. दूरध्वनीवर सांगितले गेले ते असे, की कल्पना चांगली आहे, पण आपल्या वाचकाला ती जवळची वाटणार नाही. काळ २०६० च्या आसपास आणावा, नायक पवईत किंवा पुण्यात संशोधक असावा, क्रियापदे नीट करावीत आणि शेवटी त्यामागचे विज्ञान समजावून सांगणारी टीप जोडावी. दोष त्या एका संस्थेचा आहे असे मी म्हणत नाही. हे चारही आग्रह मला तुमच्यापैकी बहुतेकांच्या तोंडून परिचयाचे आहेत, म्हणून हे पत्र सर्वांना उद्देशून आहे.

‘जवळचे वाटणार नाही’ हा आक्षेप मला सर्वांत अजब वाटतो. ज्याच्या घरी सत्यनारायण किंवा गणपती बसतो त्या प्रत्येक मराठी माणसाने गुरुजींच्या तोंडून संकल्प ऐकलेला आहे. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे महायुग, कलियुगाचा प्रथम चरण, आणि मग एका दमात आजची तिथी आणि यजमानाचे गोत्र. कल्प ४३२ कोटी वर्षांचा, महायुग ४३,२०,००० वर्षांचे, कलियुग ४,३२,००० वर्षांचे. आमचा विठ्ठल विटेवर उभा आहे तोसुद्धा अठ्ठावीस युगे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, पाटावर बसून, एवढ्या अफाट काळात स्वतःचा पत्ता सांगणारा वाचक ४०,००० वर्षांना घाबरेल, असे तुम्ही कशावरून ठरवले? एकदा मी कागद घेऊन हिशेब मांडला. वेल्सचा प्रवासी ८,०२,७०१ साली उतरतो, तेव्हा आपल्या पंचांगाप्रमाणे कलियुग संपून जवळजवळ पावणेचार लाख वर्षे होऊन गेलेली असतात. म्हणजे तो चक्क सत्ययुगात उतरतो. तिथे त्याला दिसते काय, तर वर उन्हात फळे खाऊन नाचणारी नाजूक, निर्बुद्ध माणसे आणि खाली अंधारात यंत्रे चालवणारी, रात्री वर येऊन त्यांनाच खाणारी माणसे. मालक आणि मजूर यांच्यातली दरी लाखो वर्षे रुंदावत गेली तर काय होईल, याचे ते चित्र आहे. वेल्सची आई एका मोठ्या हवेलीत घरव्यवस्थापक होती आणि नोकरांचा वावर तळघरात होता. ती कादंबरी आकाशातून पडली नाही, तळघराच्या जिन्यावरून वर आली. गिरणगावात वाढलेल्या, १९८२ च्या संपानंतर भोंगे बंद पडलेले ऐकलेल्या आणि आता त्याच जागेवरच्या टॉवरांच्या सावलीत राहणाऱ्या माझ्यासारखीला हे पुस्तक दूरचे वाटले नाही.

इथे एक खुलासा करते, नाहीतर माझी गणना भलत्या लोकांत होईल. पुराणांत विमाने आणि अणुबाँब शोधणाऱ्यांपैकी मी नाही. युगांचे आकडे हे विज्ञान नव्हे. मी फक्त एवढेच म्हणते की मोठा काळ कानांवरून जाण्याची आपल्याला सवय आहे, आणि अब्ज, खर्व, निखर्वापासून परार्धापर्यंत संख्यांना नावे आपल्याकडे तयार आहेत. फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. आपला काळ चक्राकार आहे. कलियुग संपले की पुन्हा कृतयुग, म्हणजेच सत्ययुग. स्टेपलडनचा काळ सरळ जातो आणि परत येत नाही. त्याची अठरावी मानवजात नष्ट होणार आहे आणि ते तिला ठाऊक आहे. ज्याच्या कानांत चक्र आहे आणि ज्याने शाळेत उत्क्रांती शिकली आहे, असा मराठी कादंबरीकार या दोन काळांना एकाच कथेत समोरासमोर उभे करू शकेल. लिव्हरपूलमध्ये कामगारांच्या संध्याकाळच्या वर्गांना शिकवणाऱ्या स्टेपलडनपाशी ही सोय नव्हती. ब्रायन आल्डिस यांनी १९६२ साली मरू घातलेल्या सूर्याखालची पृथ्वी रंगवली तेव्हा तिच्यावर एकच झाड खंडभर पसरलेले दाखवले, आणि ते झाड वड आहे. पारंब्या टेकवत टेकवत पृथ्वी व्यापणारा वड! वटपौर्णिमेला ज्याला सूत गुंडाळायचे ते झाड परक्याला सुचले आणि आम्हाला नाही, याची मला थोडी असूया वाटते.

पुढचा आग्रह शेवटच्या टिपेचा, म्हणजे विज्ञान शिकवण्याचा. त्याचा इतिहास सन्माननीय आहे आणि तो मी हलक्याने घेत नाही. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली आणि मग कळले की आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेणारे गृहस्थ कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जयंत विष्णू नारळीकर आहेत. त्या एका कथेने मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली. पुढे लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती वाढवली, आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका विज्ञानकथालेखकाला मिळाले. हे सर्व मला प्रिय आहे. त्यातल्या कित्येक कथांची मुद्रिते मी तपासली आहेत. पण स्पर्धेतून आणि दिवाळी अंकातून वाढल्यामुळे आपल्या विज्ञानकथेला एक बांधा आला. आठ-दहा पाने, एक प्रयोगशाळा, एक प्राध्यापक, एक शोध, शेवटच्या परिच्छेदात धक्का. हा बांधा कथेला शोभतो. १०० कोटी वर्षांना तो पुरत नाही.

शिवाय नजीकच्या भविष्याचे विज्ञान अधिक खात्रीचे असते, ही समजूतच मला उलटी वाटते. नव्वदीच्या दशकात मी तपासलेल्या कथांमध्ये २०१५ साली चंद्रावर मराठी मंडळाचा गणेशोत्सव होता, आणि त्याचे निमंत्रण मात्र फॅक्सने येत होते. पुढच्या पंधरा वर्षांत खिशात कोणते यंत्र असेल हे कोणालाच सांगता येत नाही. सूर्याचे मात्र सांगता येते. त्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे, दर १०० कोटी वर्षांनी तो सुमारे दहा टक्क्यांनी अधिक प्रखर होतो आहे, १०० कोटी वर्षांच्या आसपास पृथ्वीवरचे समुद्र टिकणे कठीण होईल, आणि सुमारे ५०० कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर आणि आपल्या आकाशगंगेचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे. त्यामुळे एका टोकाच्या राजाचा हुकूम दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत राजा, राज्य आणि हुकमाची भाषा तिन्ही नाहीशी झालेली असतील. कादंबरीकाराला याहून पक्की जमीन कोणती हवी? आणि वाचकाला ती डोळ्यांनी पाहायची असेल तर अंधेरीला गिल्बर्ट हिलवर जावे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे ते काळे खांब इमारतींच्या गर्दीत उभे आहेत आणि माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. मी त्या पायऱ्या चढले तेव्हा एक आजी नातवाला प्रसाद भरवत होती. तेवढाच काळ उलट दिशेने मोजला तर तिथे कोण कोणाला काय भरवत असेल, या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहते.

पैशाचे बोलणे टाळून चालणार नाही. कागद महाग, खप कमी, ग्रंथालयांची खरेदी अनिश्चित, हे मला तुमच्याइतकेच माहीत आहे. माझे मानधन त्यातूनच थकते. तरीही दोन गोष्टी तुमच्यापुढे ठेवते. फ्रँक हर्बर्ट यांची वाळवंटी ग्रहाची कादंबरी, जिच्यात विचार करणारी यंत्रे हजारो वर्षांपूर्वीच बंदी घालून हद्दपार झाली आहेत, ती वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारली. १९६५ साली ती शेवटी ज्यांनी काढली ते मोटारदुरुस्तीची पुस्तके काढण्यासाठी प्रसिद्ध होते. दुसरी गोष्ट संपादकांसाठी. १९४१ साली आयझॅक असिमॉव्ह नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी एका आकाशगंगाव्यापी साम्राज्याच्या पडझडीवरची एक कथा सुचली म्हणून संपादक जॉन कॅम्पबेल यांच्याकडे गेला. रोमच्या ऱ्हासाचा इतिहास त्याच्या डोक्यात होता. कॅम्पबेल यांनी एका कथेवर समाधान मानले नाही. ही न संपणारी मालिका कर, असे सांगितले. १२,००० वर्षे टिकलेले साम्राज्य, पुढे येणारी ३०,००० वर्षांची अंदाधुंदी आणि ती १,००० वर्षांवर आणण्याची योजना, हा सगळा पसारा १९४२ पासून मासिकाच्या अंकांतून उलगडला आणि १९५१ ते १९५३ या काळात तीन पुस्तके झाली. म्हणजे लेखकाने एक कथा आणली होती. तिला एवढा काळ दिला तो संपादकाने. आपल्याकडे १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दरवर्षी न चुकता येणारी ही जागा आहे. तिच्यात एकच कादंबरी सलग चार दिवाळ्या का चालू नये? पुढच्या भागासाठी वर्षभर थांबणे म्हणजे फार, असे म्हणाल, तर हजारो वर्षांच्या कथेला एका वर्षाची वाट पाहणे उलट शोभून दिसेल.

जागेवरून आठवले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका अंकात (आता तो निघत नाही) तीन लाख वर्षांपुढची एक छोटी कथा होती. मजकूर ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, काढून पानावर चिकटवण्याचे दिवस होते. रात्री दहाला मसाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात आली. पाने वाढवणे शक्य नव्हते, म्हणून माझ्यासमोर ब्लेडने कथेचे पहिले दोन परिच्छेद कापले गेले, आणि काळ त्या दोन परिच्छेदांतच सांगितलेला होता. अंक निघाला. वाचकांची जी पत्रे आली त्यांत, या कथेतले कुटुंब नेमके कोणत्या उपनगरात राहते, अशी एकाने पृच्छा केली होती. ते ब्लेड हातात नसले तरी मी तेव्हा काही बोलले नाही, हे इथे नमूद करते.

माझे मागणे असे आहे. कथास्पर्धेसाठी आणि अंकासाठी लेखन मागवताना ‘नजीकच्या भविष्यात शक्य वाटेल असे’ हे शब्द काढून टाकावेत. ते कशासाठी आहेत हे मला कोणी पटवून दिलेले नाही. शेवटची विज्ञानाची टीप ऐच्छिक असावी. ज्यांच्या ग्रंथयादीत दरवर्षी डझनभर इंग्रजी चरित्रे आणि यशाचे मंत्र मराठीत येतात, त्यांनी वर्षाकाठी एक तरी दूरच्या भविष्याची कादंबरी भाषांतरित करून घ्यावी, आणि ती संक्षिप्त किंवा कुमारांसाठी न करता पूर्ण करावी. वेल्स आणि स्टेपलडन यांना जाऊन सत्तराहून अधिक वर्षे झाली आहेत. त्यांच्या बाबतीत हक्कांचा खर्चही आड येऊ नये. अशा भाषांतराला तुम्ही शब्दामागे जो दर लावता तो मात्र वाढवावा लागेल, कारण ज्या वस्तू कधी अस्तित्वातच नव्हत्या त्यांना मराठी नावे पाडण्याचे काम कादंबरी लिहिण्याइतकेच अवघड आहे. मुद्रितशोधन मी निम्म्या दराने करीन. फुकट करणार नाही. फुकट केलेल्या कामाकडे कोणी लक्ष देत नाही, हे एकतीस वर्षांत शिकले.

राहिली ती डोंबिवलीची कादंबरी. लेखकाच्या परवानगीने सांगते की ती युनिकोडमध्ये टंकित आहे, सुमारे साडेचारशे छापील पाने होईल, आणि उन्हाळ्यात तुम्ही मजकूर मागवायला लागाल तेव्हा तुमच्यापैकी तिघांकडे ती पुन्हा येणार आहे. काळ त्याने बदललेला नाही. कागदी प्रतीच्या पहिल्या अठ्ठावीस पानांवर माझ्या लाल खुणा तशाच आहेत, कारण पुन्हा छापून घेण्याचा खर्च त्याला नको होता. प्रत्येक खुणेखाली मी टिंबे देऊन समासात ‘आहे तसे ठेवावे’ असे लिहिले आहे. ‘आलें’वरच्या अनुस्वारांनाही तेच लागू आहे. अक्षरजुळणी करणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर ते सवयीने खोडतील.

आपली,
एक मुद्रितशोधक
लालबाग, मुंबई